टपावर कॅरिअर लावताय? आधी या चुका टाळा

कॅरिअर घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "वजन किती घेतं?" दुकानदार सांगतो, "शंभर किलो, डोळे झाकून." वर स्वतः त्यावर उभा राहून दाखवतो. गिऱ्हाईक खूश. या सगळ्यात गाडीच्या टपाला कुणी विचारलेलंच नसतं.

कॅरिअर कितीही दणकट असो, वजन शेवटी टप पेलतो. तो किती पेलेल हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात छापलेलं असतं. लहान आणि मध्यम गाड्यांत हा आकडा बहुतेकदा ५० ते ७५ किलोच्या आसपास असतो आणि कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं असतं. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाइप आणि पट्ट्यांचं कॅरिअर बनवून घेतलं, तर ते सहज २०-२५ किलो भरतं. म्हणजे ५० किलोची मर्यादा असलेल्या गाडीवर सामानाला उरले २५ किलो. ज्वारीचं पन्नास किलोचं एक पोतं टाकलं की हिशेब संपला, नव्हे, दुप्पट झाला. बनवून घेतलेलं कॅरिअर गाडीवर चढवण्याआधी एखाद्या भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. अॅल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्यांचं तयार कॅरिअर महाग वाटतं, पण त्याचं वजन ५-६ किलोच असतं. वाचलेले पंधरा-वीस किलो म्हणजे तेवढं सामान जास्त.

"उभ्या गाडीवर दोन माणसं चढली तरी टप दबत नाही की" हा युक्तिवाद नेहमीचा. पुस्तकातला आकडा चालत्या गाडीसाठी असतो. खड्ड्यात चाक आपटलं की तेच वजन क्षणभर कितीतरी वाढतं, आणि बीड-परभणीकडच्या आतल्या रस्त्यांवर खड्ड्यांची कमतरता कधी नव्हती.

रेल दिसते, पण ती खरी आहे का?

आजकाल बऱ्याच गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना काळ्या किंवा चंदेरी पट्ट्या येतात, त्यांनाच रेल म्हणतात. त्यातल्या काही पत्र्याला बोल्टने घट्ट बसवलेल्या असतात, तर काही नुसत्या शोभेच्या, प्लास्टिकच्या आणि चिकटवलेल्या. शोभेच्या रेलवर कॅरिअर आवळलं तर पहिल्या मोठ्या हिसक्याला रेलसकट उचकटून येईल. हाताने हलवून याचा पत्ता लागत नाही. पुस्तकात रेलवर सामान लादण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा, किंवा सर्व्हिस सेंटरला सरळ विचारा. बाहेरून बसवून घेतलेल्या रेलवर तर मुळीच भरवसा ठेवू नका.

रेल नसलेल्या गाडीला दाराच्या चौकटीत अडकणाऱ्या पायांचं कॅरिअर मिळतं. हे पाय गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगवेगळे असतात, कारण प्रत्येक टपाची गोलाई वेगळी असते. "सगळ्या गाड्यांना बसतं" असं लिहिलेलं कॅरिअर म्हणूनच कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. काही गाड्यांत टपाच्या कडेच्या खाचेत प्लास्टिकची छोटी झाकणं असतात आणि त्याखाली कंपनीने दिलेली बोल्टची जागा असते. ती असेल तर तिथेच बसवा. जुन्या सुमो-अॅम्बेसेडरसारखी पाणी जायची पन्हाळ असलेल्यांचं काम सोपं, त्यांचे क्लॅम्प पन्हाळीला बसतात.

आणि ड्रिल? कुणी "चार भोकं पाडून पक्कं करून देतो" म्हणाला तर गाडी तिथून काढून घ्या. पावसाळ्यात पाणी गळेल, भोकाच्या कडेने गंज धरेल, हे तर आहेच. पण बाजूला पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग टपाच्या कडेलाच, आतल्या अस्तरामागे गुंडाळून ठेवलेल्या असतात. सहा एअरबॅगच्या गाड्यांत त्या असतातच. ड्रिलचा पाता तिथवर पोचायला किती वेळ लागतो?

ऑनलाइन कॅरिअर शोधताना बर्फावर घसरायच्या स्कीचे स्टँडही समोर येतात, रबरी जबड्यांचे आणि दिसायला झकास. पाइप किंवा बांबू धरायला बरे पडतील असं वाटून ते घेणारे लोक आहेत. त्या जबड्यांची रचना सपाट, पातळ स्कीसाठी असते. गोल पाइप त्यात घट्ट बसत नाही, फिरत राहतो. आणि औली-गुलमर्गला जाणाऱ्याला स्की तिथेच भाड्याने मिळतात, इथून टपावर न्यायची गरज नाही.

बसवताना होणारी घाई

टप आधी धुऊन, पुसून घ्या. हे साधं काम सगळे टाळतात. आपल्याकडची काळी माती वाळली की बारीक धूळ होऊन बसते, आणि पायाच्या रबराखाली तिचा थर राहिला की प्रत्येक धक्क्याला रंग घासला जातो. महिन्याभराने कॅरिअर काढलं की टपावर चार चंद्रकोरी उमटलेल्या दिसतात.

दोन दांड्यांमधलं अंतर कंपनीच्या कागदात दिलेलं असेल तेच ठेवा. सोयीसाठी दांडे जवळ घेतले तर लांब सामान झोका खातं आणि पाय सैल होतात. दांडा गाडीला काटकोनात आहे का, हे डोळ्याने ठरवू नका. समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. मग डिकीचं दार पूर्ण उघडून पाहा. कॅरिअरला किंवा त्यावर बसवलेल्या सामानाच्या बॉक्सला आदळत असेल तर ते आत्ताच कळू द्या, तुळजापूरच्या पार्किंगमध्ये नको. सनरूफ असेल तर तेही उघडून बघा.

बोल्ट आवळताना दोन टोकं दिसतात. एक जण हाताला लागेल तेवढंच आवळतो, दुसरा पान्यावर पाय देऊन. दुसऱ्याच्या गाडीचा पत्रा चेपतो किंवा बोल्टचे आटे जातात. सोबत आलेल्या चावीनेच, चारही पाय थोडे थोडे करत सारखे आवळा. एकदा आवळून काम संपत नाही. पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर थांबा आणि पुन्हा तपासा. रबर बसतं, दांडा आपली जागा घेतो, आणि हमखास एखादा बोल्ट ढिला सापडतो.

खरा घोळ बांधण्यात

जून लागला की नांदेड, हिंगोली, परभणीकडून लातूरला निघालेल्या गाड्या बघाव्यात. पोरगं अकरावीला निघालेलं, आत आई-वडील, आणि टपावर गादी, पत्र्याची पेटी, फायबरचा कूलर, बादली. लगीनसराईत हेच रुखवताचं. कॅरिअर चांगलं, बसवलेलंही चांगलं. बांधलेलं मात्र सुतळीने.

सगळ्यांत धोक्याची वस्तू कुठली, तर हलकी म्हणून बेफिकीरपणे टाकलेली गादी. ताशी १०० च्या वेगाला समोरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४०-४५ किलोचा जोर लावतो. सहा बाय तीन फुटी गादीचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या वर भरतं. तिची पुढची कड उचलली गेली आणि वारा खाली शिरला, की ती शिडासारखी ताणते आणि सुतळी तुटते. मागून मोटरसायकलवर येणाऱ्याचा विचार करा. गादी नेणारच असाल तर घट्ट गुंडाळी करा, आडवी ठेवा, वर ताडपत्री घाला आणि ताडपत्रीची पुढची कड सामानाखाली दुमडा, मोकळी फडफडू देऊ नका. कूलर तर टपावर नकोच. उंच, पोकळ, बाजूला जाळ्या. मागच्या सीटवर मावत नसेल तर टेम्पोत टाका.

दुसरी चूक म्हणजे दोरी नुसती आडवी मारणं. आडवी दोरी सामान खाली दाबते, पण पुढे सरकण्यापासून फारसं अडवत नाही. जोरात ब्रेक मारला की ४० किलोचं सामान तीसेक किलोच्या जोराने पुढे ढकललं जातं. म्हणून पुढून आणि मागूनही बांध हवा. पेटी असेल तर ती पुढच्या दांड्याला टेकवून ठेवा.

बाजारात नायलॉन म्हणून मिळणारी रंगीत प्लास्टिकची दोरी गुळगुळीत असते, गाठ सरकते. आपल्याकडच्या उन्हात एक उन्हाळा काढला की तिचा भुसा हाताला लागतो. मोटरसायकलवर लावतात त्या हुकवाल्या रबरी दोऱ्या ताणतात, म्हणून एकट्या त्यांच्यावर सामान सोडू नका. रॅचेटचे, म्हणजे खटका मागेपुढे करून आवळायचे, दोन-तीन बेल्ट घ्या. एकदाच खर्च होतो. बेल्ट कॅरिअरच्या दांड्याला अडकवा, शोभेच्या पट्टीला किंवा दाराच्या हँडलला नाही.

वजनदार ते आत, फुगीर पण हलकं ते वर. पुस्तकांची पेटी डिकीत, कपड्यांच्या बॅगा टपावर. लोक नेमकं उलट करतात, कारण पेटी कडक असल्याने वर "बसते". पण वजन वर गेलं की वळणावर गाडी कलते. कन्नडच्या औट्रम घाटात चाळीसगावकडे उतरताना हे लगेच जाणवतं.

चालवताना काही वेगळं जाणवलं तर

शिट्टी वाजते: मोकळ्या दांड्याच्या वरच्या खाचेतली रबरी पट्टी निघाली असेल किंवा टोकाची झाकणं पडली असतील. बेल्ट घरघरत असेल तर त्याला एक पीळ द्या, आवाज थांबतो.

करकर येते: पायाखाली धूळ आहे, नाहीतर बोल्ट सैल आहे. दुसरं आधी तपासा.

गाडी मागून डुलते किंवा बाजूच्या वाऱ्याला ओढली जाते: वर वजन जास्त झालं. थांबा, काही सामान आत घ्या. टायरची हवा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे आहे का ते बघा, तो ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळिवाचं आभाळ आलं, तर टपावर सामान असलेल्या गाडीने वादळाशी पैज लावू नये. आडोशाला थांबावं, पण झाडाखाली नाही.

पूर्ण कॅरिअर मागे सरकतं: पाय तुमच्या मॉडेलचे नाहीत. कापडाच्या पट्ट्या घालून भागवू नका, पाय बदला.

समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे, पण ती टपावर पेटी असलेल्या गाडीने वापरायलाच हवी असं नाही. ८० वरून १२० वर गेलात की वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो. जालन्याहून नागपूरला दीडेक तास उशिरा पोचाल, पोचाल मात्र सामानासकट.

कायदा आणि उंची

तुषार सिंचनाचे पाइप २० फुटी असतात आणि चार मीटरची गाडी १३ फुटांची. उरलेले सात फूट पुढे-मागे लोंबतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या सामानाला २०,००० रुपये दंड आहे, वर सामान उतरवण्याचा खर्च वेगळा. त्यापेक्षा छोटा हत्ती कितीतरी स्वस्त पडतो. टपावर माणूस बसवायलाही कायद्याची मनाई आहे, मग ते दोन किलोमीटरवरच्या शेतापर्यंत का असेना.

सामानासकट गाडीची उंची एकदा मोजा आणि डॅशबोर्डवर चिठ्ठी लावा. तळघरातलं पार्किंग, लॉजची कमान, पेट्रोल पंपाजवळचा लोखंडी आडवा बार, इथे लोक कॅरिअर गमावतात, कारण वर काही आहे हे विसरलेलं असतं.

काम झालं की कॅरिअर काढून ठेवा. रिकामं कॅरिअरही वारा अडवतं आणि पेट्रोल खातं. काढताना बोल्ट एका डब्यात, चावी त्याच डब्यात, आणि कुठला दांडा पुढचा ते मार्करने लिहून ठेवा, बऱ्याच गाड्यांत दोन्हींची लांबी वेगळी असते.