खाऱ्या हवेत पॉवर कॉर्ड

मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्राजवळ घर असेल तर पावसाळा सरला की कॉम्प्युटरची पॉवर कॉर्ड एकदा दोन्ही टोकांनी काढून बघा. स्विच आधी बंद. प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर धरला असेल तर तिथे संपर्क नीट होत नाही, पिन तापते, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. पॉलिश पेपर मात्र नको, पिनेवरचा मुलामा निघून जातो.

सीपीयूकडचं तीन भोकांचं टोक (सी-१३) सैल बसतंय, करपल्याचा वास येतोय? मग पुसत बसू नका, आयएसआय मार्क बघून कॉर्डच बदला. आणि सैल सॉकेटमध्ये कागदाची घडी कोंबायची आपली जुनी खोड! वायरमनला बोलावून सॉकेट बदलून घ्या.