खिशातला कॉम्प्युटर: बर्डीला जायच्या आधी

खिशात मावेल असा छोटा कॉम्प्युटर घरी बनवायचा तर पार्ट आणायला आमच्या गावाहून नागपूरला जावं लागतं. जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, एसटीचं भाडं वेगळं. बर्डीवरच्या (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा बारका पार्ट, घ्यायचा राहिला तरी दुसरी फेरी तेवढ्याचीच पडते. म्हणून यादी घरीच पक्की करा आणि पार्टांच्याही आधी त्या कॉम्प्युटरच्या डबीनं काय करायचं ते लिहा. "कॉम्प्युटर बनवतो" एवढ्यावर निघालात तर दुकानदार रंगीत स्क्रीन गळ्यात मारतो.

माझं काम ठरलेलं होतं. कापूस वेचणीला बाया येतात, मजुरी किलोप्रमाणे. काट्यावर वजन झालं की बाईचा नंबर आणि किलो दाबायचे, आठवड्याच्या शेवटी हिशेब निघाला पाहिजे. मोठेबाबा म्हणाले, "काहून रे, मोबाइल नाही का तुह्यापाशी?" आहे, पण कापसाच्या धुळीनं माखलेल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून पाहा, मग बोलू.

काम कळलं की मेंदू निवडायला वेळ लागत नाही. रास्पबेरी पाय पिको, २०२१ साली आलेला बोटाएवढा बोर्ड. २६४ केबी रॅम (काम चालू असतानाची जागा), २ एमबी फ्लॅश (कायम साठवायची जागा). वावरात वायफायचं काम नाही, म्हणून वायफायवाला ईएसपी३२ बोर्ड मी सोडला. डाग देण्याचा (सोल्डरिंगचा) हात बसला नसेल तर पिना आधीच लावलेला 'पिको एच' मागा.

स्क्रीनवर मात्र थांबून विचार करा. २.८ इंची रंगीत स्क्रीन ३२० बाय २४० ठिपक्यांची असते. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर एकच चित्र १५० केबी खातं, म्हणजे निम्म्याहून जास्त रॅम गेली. शिवाय दुपारच्या उन्हात तिच्यावर काही दिसत नाही, ओएलईडी जातीची स्क्रीनही फिकी पडते. नोकियाच्या ५११० फोनातली काळी-पांढरी स्क्रीन घ्या: ८४ बाय ४८ ठिपके, अख्खं चित्र ५०४ बाइटांत. ऊन पडलं की ती आणखी स्पष्ट दिसते. तिला ३.३ व्होल्टच द्या. उन्हात तापली की अख्खी काळवंडते, तेव्हा कॉन्ट्रास्ट कमी करायची सोय प्रोग्राममध्ये ठेवा. आणि स्क्रीन दोन घ्या, काच नाजूक असते.

बटनांसाठी सोळा खान्यांचा पातळ कीपॅड पुरतो. तो आठ पिना घेतो, स्क्रीन पाच, घड्याळ दोन. झाल्या पंधरा, पिकोवर अशा जोडायच्या २६ आहेत. घड्याळ हवंच, कारण वीज तुटली की पिको तारीख विसरतो. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं मॉड्यूल वर्षाला मिनिटभर इकडे-तिकडे होतं, मजुरीच्या हिशेबाला ते चालतं. त्याचा बटनसेल वेगळा मागून घ्या. एसडी कार्ड मी यादीतून खोडलं. तीस बाया, साठ दिवस, एका नोंदीला २५ बाइट, म्हणजे सगळे मिळून ४५ हजार बाइट. पिकोच्या पोटातच मावतात. फक्त प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद करा, मध्येच सेल संपला तर दिवसाचा हिशेब जायला नको.

सेल १८६५० चा, म्हणजे चार्ज होणारा लिथियमचा, नवा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून उपटलेला नको. सोबत होल्डर, एक स्विच आणि टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, संरक्षणाचं सर्किट असलेलंच. सेल आणि पिकोची व्हीसिस पिन (वीज आत घ्यायची) यांच्यामध्ये वन-एन ५८१७ डायोड लावा, नाहीतर यूएसबी जोडल्यावर पाच व्होल्ट उलटे सेलमध्ये शिरतात. हाच डायोड मी पहिल्या फेरीत विसरलो होतो. मे महिन्यात टिनाच्या घरात दुपारी चार्जिंग करू नका. ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात, आणि आपल्याकडे तेवढं तर सावलीत होतं.

यूएसबी केबल डेटाची आहे का, दुकानातच विचारा. मी ठेल्यावरून घेतलेली नुसती चार्जिंगची निघाली. बूटसेल बटन दाबून पिको लावत होतो, लॅपटॉपवर काही उमटत नव्हतं. अख्खा रविवार पिको बिघडला समजून बसलो.

मायक्रोपायथनची (पिकोवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची) फाइल आणि थॉनी, म्हणजे लॅपटॉपवर प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, रेंज असेल तिथून आधीच उतरवून ठेवा. मराठी नावांसाठी फॉन्टच्या मागे लागू नका. 'ि' साठवताना अक्षराच्या नंतर आणि दिसताना आधी, वर जोडाक्षरं. छोट्या प्रोग्राममध्ये ते बसवताना डोकं उठतं. प्रत्येक नावाचं ८४ बाय १६ ठिपक्यांचं चित्रच लॅपटॉपवर बनवा. एक नाव १६८ बाइट, तीस नावं पाच हजारांच्या आसपास.

घरात पाहून ठेवायचं ते थोडंच: २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, तार, मल्टिमीटर, आणि कीपॅड मावेल अशी प्लास्टिकची कंपासपेटी. पत्र्याची असेल तर आतून टेप लावा. डाग देताना पंखा बंद लागतो, तेव्हा काम सकाळी उरका. लाइन जाण्याची वेळ आधी विचारून ठेवा.

आणि वही. पहिले आठ दिवस वहीतही लिहा, संध्याकाळी आकडे जुळवा. माझ्याकडे पहिल्याच दिवशी १२ नंबरचे किलो १२२ नंबरवर चढले, बटन एकदा दाबलं की दोनदा उमटत होतं. प्रोग्राममध्ये २० मिलिसेकंद थांबा घातला, तेव्हा बंद झालं.