वैद्यकीय इच्छापत्र कसे करावे

इच्छापत्र म्हटले की बहुतेकांना घर, शेत आणि दागिन्यांची वाटणी आठवते. ते मृत्युपत्र, आणि त्याचा अंमल माणूस गेल्यानंतर सुरू होतो. येथे सांगायचे आहे ते वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला रुग्णालयांत आणि वकिलांकडे सर्रास ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. त्याचा अंमल माणूस हयात असतानाच होतो. आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही, उपचार लांबत चालले आहेत आणि रुग्ण स्वतः काही ठरवण्याच्या स्थितीत नाही, अशा वेळी कोणते उपचार सुरू करू नयेत आणि सुरू असलेले कोणते थांबवावेत, हे त्याने शुद्धीत आणि धडधाकट असताना लिहून ठेवलेले असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी, ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना, सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्येच अंतर्भूत असल्याचे सांगून अशा दस्तऐवजाला मान्यता दिली. मात्र त्या वेळी घालून दिलेली कार्यपद्धती इतकी किचकट होती की तिचा उपयोग करणे सामान्य कुटुंबाला जवळजवळ अशक्य होते. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत असे आणि उपचार थांबवण्यापूर्वी त्याच दर्जाच्या दंडाधिकाऱ्याने रुग्णाला प्रत्यक्ष भेट द्यावी अशी अट होती. न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी ही कार्यपद्धती पुष्कळ सोपी केली. जुने नमुने अजूनही हातोहात फिरत असतात, म्हणून आपल्या हाती आलेल्या मसुद्यात दंडाधिकाऱ्याच्या सहीची जागा दिसली तर तो बाजूला ठेवावा, कारण तो २०२३ पूर्वीचा आहे.

सर्वांत जास्त वेळ मजकुरावर खर्च करावा, कारण बहुतेक इच्छापत्रे तिथेच कमी पडतात. “मला उगीच नळ्या लावू नका” असे वाक्य घरात सगळ्यांना समजते, पण अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना त्यावरून निर्णय घेता येत नाही. न्यूमोनियासाठी चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस चालत घरी येऊ शकतो, आणि मेंदूला कायमची मोठी इजा झालेल्या माणसाला तोच व्हेंटिलेटर महिनोन्महिने केवळ श्वास देत राहतो. यंत्र तेच असले तरी परिस्थिती वेगळी असते, म्हणून आधी परिस्थिती लिहावी, मग उपचार. एक परिच्छेद असा लिहिता येईल:

“माझा आजार बरा होण्याची शक्यता नाही असा डॉक्टरांचा निष्कर्ष असेल आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, मला व्हेंटिलेटर किंवा डायलिसिसवर ठेवू नये, आणि आधीच ठेवले असल्यास ते थांबवावे. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारी औषधे मात्र पूर्ण प्रमाणात द्यावीत, त्यासाठी मॉर्फिन लागले तरी माझी संमती आहे.”

यातील शेवटचे वाक्य गाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे, ही भीती नातेवाइकांच्या मनात घर करून असते आणि तिच्यापायीच ते ऐनवेळी मागे हटतात. तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे, दुखणे थांबवणे ही परिहार सेवा शेवटपर्यंत चालू राहावी असे स्पष्ट लिहिलेले असले, तर सही करणाऱ्या मुलाचा हात थरथरत नाही. नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न देण्याबद्दल, तसेच संसर्ग झाल्यास अँटिबायोटिक देण्याबद्दल आपले मत वेगळे असू शकते, म्हणून त्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा आणि शक्य तर मसुदा एकदा आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून वाचून घ्यावा.

इच्छापत्र करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुदृढ मनाची असावी लागते, आणि ते तिने कोणाच्याही दबावाशिवाय केलेले असावे लागते. परिणाम समजून घेऊन आपण हे लिहीत आहोत, आणि हे कधीही मागे घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी वाक्ये मजकुरात असावीत.

त्यानंतर माणसे निवडायची. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने उपचार नाकारण्यास किंवा थांबवण्यास संमती कोण देईल, त्या पालकाचे अथवा जवळच्या नातेवाइकाचे नाव इच्छापत्रात द्यावे लागते, आणि २०२३ च्या आदेशाप्रमाणे ही नावे एकापेक्षा जास्त असू शकतात. थोरला मुलगा म्हणून त्याचेच नाव, असा रिवाज येथे उपयोगाचा नाही. जो आपल्यावर सर्वांत जास्त माया करतो तो कधीकधी हा निर्णय घेऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. ज्याला आपले म्हणणे पटले आहे, जो भावंडांसमोर शांतपणे उभा राहू शकतो आणि रुग्णालयात लवकर पोहोचू शकतो, त्याचे नाव घालावे. मात्र घालण्यापूर्वी त्याला समोर बसवून संपूर्ण मजकूर वाचून दाखवावा आणि ज्यांची नावे घातली नाहीत त्यांनाही कारण सांगावे. हे संभाषण अवघड असते. आई-वडिलांनी विषय काढला की मुले “असे अभद्र बोलू नका” म्हणून उठून जातात, आणि मुलांनी काढला तर आई-वडिलांना वाटते की आपण त्यांना जड झालो आहोत. तरीही ते टाळू नये, कारण नंतर हाच कागद हातात धरून वाद घालणारी माणसे घरातलीच असतात.

सहीचा भाग त्या मानाने सोपा आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून दस्तऐवज साक्षांकित करून घ्यावा. हा दस्तऐवज स्वेच्छेने केला असल्याबद्दल आपली खात्री झाल्याचे साक्षीदारांनी आणि नोटरीने नमूद करायचे असते.

कागद तयार झाला की तो योग्य हाती पोहोचवणे हेही तितकेच महत्त्वाचे काम आहे. माझ्या आत्याने अशा आशयाचे पत्र स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, असे आम्हाला तिच्या दिवसकार्यानंतर कळले. ते लोखंडी कपाटातल्या साडीच्या घडीत होते. शेवटचे एकोणीस दिवस ती अतिदक्षता विभागात होती, आणि त्या प्रत्येक दिवशी आम्ही चौघे बाहेरच्या बाकावर बसून तिला काय हवे असेल याचा अंदाज करत होतो. म्हणून इच्छापत्राची एकेक प्रत त्यात नावे असलेल्या सर्वांना द्यावी, फॅमिली डॉक्टर असल्यास त्यांना द्यावी, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने, नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी. न्यायालयाच्या आदेशात या अधिकाऱ्याने एका कर्मचाऱ्याला अभिरक्षक, म्हणजे ही प्रत सांभाळणारा, नेमावे असे म्हटले आहे. कार्यालयात प्रत देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. खिडकीवरील कर्मचाऱ्याला विषय माहीत नसेल तर आदेशाची तारीख सांगून अर्ज आवक विभागात द्यावा. डिजिटल आरोग्य नोंदी ठेवत असल्यास त्यांतही इच्छापत्र समाविष्ट करता येते.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालय काय करते, हे नावे घातलेल्या माणसांना आधीच ठाऊक असावे. उपचार करणारे डॉक्टर प्रथम इच्छापत्राच्या खरेपणाची खात्री डिजिटल नोंदींवरून किंवा अभिरक्षकाकडून करून घेतात. मग रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमते, ज्यात हे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन विषयतज्ज्ञ असतात. २०१८ मध्ये ही अट वीस वर्षांची होती. हे मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. त्याने उपचार थांबवण्याच्या बाजूने मत दिले तर दुय्यम मंडळ बसते, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नियुक्त केलेला एक डॉक्टर आणि आधीच्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात, आणि त्यानेही शक्यतो ४८ तासांतच मत द्यावे अशी अपेक्षा आहे. इच्छापत्रात नावे असलेल्यांची संमती घेतली जाते आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तो कळवला जातो. मंडळाने नकार दिला तर नातेवाइकांना किंवा डॉक्टरांनाही उच्च न्यायालयात जाता येते. रुग्णालयाला ही पद्धत नवखी असेल तर नातेवाइकांनी आवाज न चढवता, पण लेखी अर्ज देऊन, मंडळ नेमण्याची मागणी करावी.

काही गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. इंजेक्शन देऊन जीवन संपवणे भारतात आजही गुन्हा आहे आणि इच्छापत्रात तशी मागणी लिहून काहीही साध्य होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये आगाऊ निर्देशांची जी तरतूद आहे ती मानसिक आजाराच्या उपचारांपुरती आहे, आणि अवयवदानाची नोंदणीही वेगळी करावी लागते. इच्छापत्र केले म्हणजे साध्या आजारात उपचार मिळणार नाहीत, ही समजूतही चुकीची आहे. आपण शुद्धीवर असून निर्णय घेऊ शकत असू, तोपर्यंत आपल्या तोंडचा शब्दच चालतो.

मत बदलले तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. दोन वैध इच्छापत्रे असतील तर शेवटी सही केलेले ग्राह्य धरले जाते, म्हणून नवे करताना जुन्याच्या सर्व प्रती परत मागवून घ्याव्यात आणि अभिरक्षकालाही लेखी कळवावे. मोठी शस्त्रक्रिया, नव्या आजाराचे निदान, जोडीदाराचा मृत्यू किंवा नाव घातलेल्या व्यक्तीचे परदेशी जाणे, अशा प्रत्येक प्रसंगी कागद पुन्हा काढून वाचावा आणि त्यातील फोन नंबर अजून लागतात का, हे त्या नंबरांवर फोन करून पाहावे.