पित्ताची उलटी की मायग्रेन? ओळखायचं कसं

सकाळी उठल्यापासून एका बाजूचं कानशील ठसठसत असतं. दुपारी पोटात ढवळायला लागतं, दोन-तीन उलट्या होतात, शेवटची पिवळी आणि कडूजहर. मग अंधाऱ्या खोलीत गाढ झोप लागते आणि संध्याकाळी माणूस उठतो तो बरा होऊनच. आपल्याकडे याला सरसकट ‘पित्त झालं’ म्हणतात. ‘पित्त पडलं तेव्हा डोकं उतरलं’ हे तर घरोघरी ऐकू येतं. महिन्यातून दोनदा असं होणारी माणसं वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेत राहतात. त्यांतल्या पुष्कळांना मायग्रेन, म्हणजे आपली जुनी अर्धशिशी असते.

गफलत त्या पिवळ्या उलटीपासूनच सुरू होते. पोट रिकामं झालं तरी उमाळे थांबले नाहीत, की लहान आतड्यातला पित्तरस उलटा जठरात येतो आणि तोच बाहेर पडतो. कुठल्याही कारणाने सलग उलट्या झाल्या तरी शेवटी असंच कडू पाणी पडतं. त्यामुळे उलटीच्या रंगावरून डोकेदुखीचं कारण ठरवू नका. गोंधळाचं दुसरं कारण असं, की उपवास, जागरण आणि ऊन या तिन्हींनी ‘पित्त खवळतं’ असं आपण मानतो, आणि मायग्रेनचा झटकाही नेमका याच तिन्हींनी येतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिल्यावर दर वेळी डोकं धरत असेल, तर आधी मायग्रेनचा विचार करा.

आधी धोका नाही ना, ते पाहा

ही पायरी गाळू नका. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट असली तरी घरी ताडून बघत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं:

- डोकं अचानक, मिनिटाभरात कळस गाठेल इतक्या जोराने दुखू लागलं
- ताप आणि मान आखडणं, किंवा अंगावर पुरळ
- हात-पाय लुळे पडणं, बोलताना जीभ अडखळणं, दोन-दोन दिसणं, फिट येणं, गुंगी, बरळणं
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेल्या उलट्या
- पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालेली अशी डोकेदुखी
- रोज पहाटे डोकेदुखीने जाग येणं, सोबत उलटी, आणि आठवड्यागणिक वाढत जाणारा त्रास
- गरोदरपणी पाचव्या महिन्यानंतर किंवा नुकत्याच झालेल्या बाळंतिणीला तीव्र डोकेदुखी (रक्तदाब लगेच मोजावा)
- एक डोळा लाल, दुखरा, नजर धूसर आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं. हा काचबिंदूचा झटका असू शकतो. यातही भरपूर उलट्या होतात, आणि उशीर झाला तर नजर जाते

पावसाळ्यात तापासोबत डोकेदुखी आणि उलटी असेल तर डेंग्यू-मलेरियाची तपासणी आधी. डेंग्यूची शंका असताना आयब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

आणखी एक, फारसं कुणाच्या ध्यानात न येणारं कारण. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असताना अंघोळ केल्यावर डोकं जड होऊन मळमळतंय, घरातल्या दुसऱ्यालाही तसंच होतंय, तर ती कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असू शकते. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग दवाखान्यात जा. गिझर तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका.

मग त्रासाचा क्रम आठवा

मायग्रेनमध्ये बहुधा आधी डोकं दुखतं, मग मळमळ. अन्नातून विषबाधा झाली असेल तर उलट्या-जुलाब आधी, पोटात कळ, आणि बरोबर जेवलेल्यांपैकी आणखी कुणी आजारी. आम्लपित्तात छातीत जळजळ, आंबट ढेकर असतात आणि आडवं झाल्यावर त्रास वाढतो. मायग्रेनच्या माणसाला मात्र आडवंच व्हायचं असतं. पंख्याचा आवाजही नको, शेजारच्या घरातली फोडणी, उदबत्ती, अत्तर नको. वाकून चप्पल घालायला गेलं तरी डोक्यात घण बसतो. रुमाल कपाळाला करकचून बांधून, उजेडाकडे पाठ करून निपचित पडलेला माणूस पाहिला, की निम्मं निदान तिथेच होतं.

झटक्याच्या आदल्या दिवशी सारख्या जांभया येणं, मान आखडणं, चिडचिड होणं किंवा गोड खाण्याची ओढ लागणं, याकडेही लक्ष द्या. काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात. त्या हळूहळू पसरतात आणि ५ ते ६० मिनिटांत विरतात. याला ऑरा म्हणतात.

तीन प्रश्न विचारा

गेल्या तीन महिन्यांतली डोकेदुखी डोळ्यांसमोर आणा.

१. डोकं दुखताना मळमळतं का, पोटात ढवळतं का?
२. एरवीपेक्षा उजेडाचा खूप जास्त त्रास होतो का?
३. त्यामुळे निदान एक दिवस तरी काम, अभ्यास किंवा घरचं आवरणं अडलं का?

‘आयडी मायग्रेन’ नावाने डॉक्टर वापरतात ती हीच चाचणी. दोन उत्तरं ‘हो’ आली तर मायग्रेनची शक्यता दाट. उलटी झालीच पाहिजे असं नाही, नुसती मळमळही मोजायची.

पक्कं निदान डॉक्टर करतात ते असं: निदान पाच झटके येऊन गेलेले. औषध न घेता प्रत्येक झटका ४ ते ७२ तास टिकतो. एका बाजूला दुखणं, ठणकणं, मध्यम ते तीव्र जोर, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणं, या चारांपैकी दोन तरी असतात. शिवाय मळमळ-उलटी, किंवा मग उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होणं. अर्धंच डोकं दुखायला हवं हा समज नावामुळे पडलाय. दोन्ही बाजूंनी दुखणारं मायग्रेनही पुष्कळांना असतं.

मुलांच्या बाबतीत

मुलांचं कपाळ दोन्हीकडून दुखतं आणि झटका दोन तासांतही संपतो. काही मुलांचं तर डोकं दुखतच नाही. बेंबीभोवती पोट दुखतं, चेहरा पांढराफटक पडतो, खाणं नकोसं होतं, उलटी होते, आणि मधल्या दिवसांत मूल ठणठणीत. हे पोटातलं मायग्रेन असू शकतं. अशा मुलाला घाटात गाडी लागते का आणि आई किंवा वडिलांना अर्धशिशी आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जंतांचं औषध तीन-तीनदा देऊनही पोटदुखी परत येत असेल तर हे दोन प्रश्न फार उपयोगी पडतात. मात्र हिरवी उलटी, ताप, वजन घटणं किंवा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखणं असेल तर हा अंदाज बाजूला ठेवून लगेच दाखवा.

दोन महिने नोंद ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी पुरतात. सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, दहापैकी किती दुखलं, उलट्या किती, आदल्या दिवशीचं जेवण आणि झोप, घेतलेली गोळी आणि ती दुखायला लागल्यावर किती वेळाने घेतली. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत झटके येत असतील तर उपचाराची आखणी बदलते.

कुठे चुकतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘सहन होतंय तोवर सहन करू’ म्हणून गोळी उशिरा घेणं. झटक्यात जठराचं काम मंदावतं, गोळी पोटात नुसती पडून राहते आणि पुढच्या उलटीत बाहेर येते. डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी दुखायला लागताच घ्यावी. उलट्या लवकर सुरू होत असतील तर सोबत उलटीची गोळी, किंवा नाकात मारायचा फवारा अथवा इंजेक्शन जमेल का, हे विचारा.

दुसरी चूक, मिठाचं पाणी पिऊन किंवा घशात बोटं घालून उलटी काढणं. उलटीनंतर काहींना हलकं वाटतं हे खरं, पण मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं. त्यापेक्षा लिटरभराचं ओआरएसचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात मिसळून चमचा-चमचा प्यावं. आठ तासांत लघवी झाली नाही किंवा उलटीत रक्त दिसलं तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात जा.

तिसरी चूक गोळ्यांच्या संख्येची. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यासाठीची खास गोळी) १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखू लागू शकतं. नोंदीत आकडा याच्या जवळ पोचला, की रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाबद्दल बोला.

तपासणीला जाताना ते कॅलेंडर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या. ऑरा येत असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी अशा बायकांना पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि त्या बदलून दुसरा उपाय देता येतो.