पडीक परसात पुन्हा भाजी पिकवताना

कोकणातले बरेच दिवस बंद असलेले घर उघडले, की मागील दारी कंबरेएवढी रानमोडी, घाणेरी आणि ढासळलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दिसतो. एका दिवसात सारे रान साफ करावे, असे तेव्हा वाटते. परंतु मे महिन्यात उतारावरची जमीन अशी उघडी केली, तर पहिल्या जोरदार पावसात जांभ्यावरचा मातीचा पातळ थर वाहून जातो आणि खालचा कातळ तेवढा उरतो. म्हणून विहिरीजवळची किंवा न्हाणीचे पाणी पोचते अशी दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागा प्रथम हाती घ्यावी. उरलेले रान मुळासकट न उपटता, बी धरण्यापूर्वी कापून जागीच पसरावे.

पहिला पावसाळा पाणी पाहण्यासाठी ठेवावा. मुसळधार पाऊस चालू असताना छत्री घेऊन परसात उभे राहिले, म्हणजे पाणी कोठून शिरते, कोठे साचते आणि कोठे माती कापते हे नीट कळते. आम्ही हे न करता सखल कोपऱ्यात वाफे घातले आणि मिरचीची सगळी रोपे मूळ कुजून गेली. पाणी वेगाने धावते तेथे, उताराला आडवी, चिऱ्यांच्या तुकड्यांची बुटकी बांधोळी रचावी. तिच्यामागे दरवर्षी थोडी माती आपोआप साठते.

खरे कष्ट मातीवर घ्यावे लागतात. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, अतिवृष्टीमुळे तिच्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम निचरून जाते, आणि स्फुरद (फॉस्फरस) लोह व ॲल्युमिनियमशी बांधले गेल्याने पिकाला सहज मिळत नाही. यावर सेंद्रिय खत हाच मुख्य उपाय आहे. आंबा, फणस, काजू यांचा पातेरा परसातच मिळतो. तो जाळण्याची सवय मात्र सोडावी, कारण जाळल्याने त्यातील नत्र (नायट्रोजन) हवेत निघून जाते. आंब्याचे पान सावकाश कुजते, म्हणून पातेऱ्याच्या थरांमध्ये शेण आणि गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला घालावा. गिरीपुष्पाच्या फांद्या गडग्याच्या कडेने पावसाच्या आरंभी खोचल्या, तर त्या सहज जगतात आणि पुढे दरवर्षी पाला देतात. चुलीची राख वाफ्यात थोडीथोडी घालावी. तिच्यातून पालाश (पोटॅश) मिळते आणि आम्लताही कमी होते. चुना माती तपासून घेतल्यावरच वापरावा, आणि शेणखताबरोबर एकाच वेळी घालू नये, नाहीतर खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

दुसऱ्या वर्षी लागवड करावी. मे अखेरीस मांडव उभारून मृगाच्या सुमारास उंच आळ्यांत पडवळ, दोडका, काकडी आणि कारली यांचे बी टोचावे, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगतात त्या माटवीला घरची काकडी आणि पडवळ मिळते. कारल्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तारा’ ही जात चांगली आहे. वेलींना फळमाशीचा उपद्रव हमखास होतो. क्यू ल्यूर या, माशीच्या नरांना ओढणाऱ्या रसायनाचा सापळा लावावा आणि किडलेली फळे रोज गोळा करून पाण्यात बुडवून नष्ट करावीत. आंब्याच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा असतो, तो येथे उपयोगी पडत नाही. पाऊस ओसरल्यावर त्याच जागेत सपाट वाफे करून लाल माठ, मुळा, वाली, वांगी आणि मिरची घ्यावी. माठ महिन्याभरात काढणीला येतो, त्यामुळे नवख्याचा उत्साह टिकतो. हिवाळ्यातील या वाफ्यांवर पातेऱ्याचे आच्छादन घातले, तर पाणी पुष्कळ वाचते. माकडांचा त्रास असलेल्या वाडीत मात्र मांडव घराच्या अगदी जवळ, माणसांच्या वावरात असावा.

तिसऱ्या वर्षी, जेवढ्या जागेला पुरेल एवढे खत तयार असेल, तेवढीच नवी जागा जोडावी. वेलीवरचे एक जोमदार, निरोगी पडवळ पूर्ण पिकेपर्यंत तोडू नये. त्यातील बी धुऊन, सावलीत वाळवून आणि राखेत घोळवून पुढच्या मृगासाठी ठेवावे.