शुक्रवारचं टाइमशीट, शनिवारची पोटरी: पळणाऱ्या नोकरदारांनो, या चुका टाळा

शनिवारी सकाळी माझी डावी पोटरी दुखायची. सोमवारी नाही, बुधवारी नाही, शनिवारीच. गेल्या वर्षी जूनपासून हे चाललं होतं. आधी मी बुटांना दोष दिला, मग गादीला, मग चाळिशीला. मॅग्नेशियमच्या गोळ्या खाल्ल्या, आईच्या आग्रहाखातर महानारायण तेल चोळलं. सातारच्या घाटातली हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटरची शर्यत) तीन आठवड्यांवर आली तेव्हा कुठे, जे काम ऑफिसात रोज करते ते घरी केलं. नोंदी काढून बसले.

मी हिंजवडीत ब्राउझरवर चालणारं सॉफ्टवेअर तपासते. 'हा बग (म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष) कधी कधी येतो' असं कुणी म्हणालं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: कधी कधी म्हणजे नक्की कधी? पोटरीला हा प्रश्न विचारायचं मला अडीच महिने सुचलं नव्हतं. घड्याळातल्या नोंदी आणि ऑफिसचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं, आणि पाचव्या मिनिटाला उत्तर मिळालं. शुक्रवार संध्याकाळचे सहा किलोमीटर, जे माझ्या वहीत 'सावकाश' म्हणून लिहिलेले होते, ते मी किलोमीटरला पावणेसहा मिनिटांनी पळत होते. माझा खरा सावकाश वेग साडेसातचा आहे. आणि शुक्रवार हा आमच्याकडे टाइमशीट भरायचा दिवस.

राग घेऊन पळायला जाणं

ज्यांनी असलं पोर्टल वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. पाच दिवसांचे तास प्रोजेक्टवार वाटायचे. प्रोजेक्टची यादी दोनशे नावांची, आणि तीही कुठल्याच क्रमाने नाही. रकान्यात ८ लिहिलं तर लाल चौकट येते, ८.०० लिहावं लागतं. हे सगळं करून 'सेव्ह' दाबलं की पडदा पांढरा होतो, सेशन संपल्याची सूचना येते, परत लॉगिन, परत ओटीपी, आणि आत गेलं की सगळे रकाने कोरे. हे सहा वाजून दहा मिनिटांनी घडतं, कारण साडेसहाला भरायची मुदत संपते.

त्यानंतर मी बूट घालायचे आणि निघायचे. डोकं शांत करायला पळतेय, असं मला वाटायचं. डोकं शांत व्हायचंही. बिल पोटरीच्या नावावर फाटायचं.

टेकडीवर भेटणारे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, वीस वर्षं पळणारे. एका शुक्रवारी पाषाण तलावाच्या रस्त्यावर मी त्यांना ओलांडून पुढे गेले, तर मागून हाक आली.

"अगं, कुणाच्या मागे लागलीयेस?"

"कुणाच्या नाही काका, इझी रन आहे."

"हा तुझा इझी? मग मी काय, पुतळा?"

त्यांनी दिलेला उपाय मी आजही वापरते. पळताना एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. श्वास दोन ओळींच्या मध्ये घ्यायचा. ओळ अर्धवट तुटली तर वेग जास्त आहे, कमी करायचा. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा असेल तर उत्तम, पण मनगटावरचं घड्याळ घाम आणि सैल पट्टा यांमुळे कधी कधी भलतेच आकडे दाखवतं. पाढा दाखवत नाही. आठवड्यातलं बहुतेक पळणं याच बोलण्याच्या वेगाने व्हायला हवं. जोराचं पळणं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि ते ठरवून. एखाद्या वेबसाइटने ठरवलेलं नव्हे.

यात खुर्चीचाही हात आहे. नऊ तास गुडघे वाकवून बसल्यावर पोटऱ्या आणि जांघेचे स्नायू आखडलेले असतात. तिथून उठून पाचव्या मिनिटाला जोर लावला की पहिली कुरकुर पोटरी करते. ऑफिसातून आल्यावर निदान दहा मिनिटं नुसतं चाला. चालणं कंटाळवाणं वाटतं, मान्य. फिजिओच्या टेबलावर पडून राहणं त्याहून कंटाळवाणं असतं, आणि तिथे पैसेही पडतात.

आणि टाइमशीट? ते मी आता गुरुवारी दुपारी भरते. तास आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवते, तिथून चिकटवते. लांबलचक मजकूर मागणारा कुठलाही फॉर्म असो, थेट ब्राउझरमध्ये टाइप करू नका. सेव्ह दाबण्याआधी कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करायला एक सेकंद लागतो. अनेक पोर्टल्स तुम्ही टाइप करताय याला हालचाल मानतच नाहीत. पान सर्व्हरकडे गेलं तरच त्यांच्या लेखी तुम्ही जागे असता. म्हणून फॉर्म मोठा असेल तर दर रकान्यांच्या गटानंतर 'ड्राफ्ट' साठवा, ती सोय असेल तर.

सगळं एकदम बदलून बघणं

ही चूक मी दिवसभर दुसऱ्यांना करताना बघते आणि संध्याकाळी स्वतः करते. पान उघडत नाही म्हटलं की माणूस कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या जुन्या प्रती) साफ करतो, ब्राउझर बदलतो, व्हीपीएन काढतो, लॅपटॉप बंद-चालू करतो. पान उघडतं. का उघडलं हे देवाला माहीत, त्यामुळे सोमवारी सगळी पूजा पुन्हा.

पोटरीच्या बाबतीत मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नवे बूट घेतले, टाचेखाली जेलचा तुकडा घातला, मिनिटाला १८० पावलं टाकायचा हट्ट धरला आणि उतारावर पळणं बंद केलं. चारही गोष्टी एकाच आठवड्यात. त्या शनिवारी पोटरी दुखली नाही! मी साडेसात हजारांच्या बुटांची आरती करायची बाकी ठेवली होती. पुढच्या शनिवारी पुन्हा ठणका. नंतर कॅलेंडर बघताना उलगडा झाला: २०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. ऑफिसला सुट्टी, टाइमशीट आदल्या दिवशी भरून झालं होतं, आणि झेंडावंदनानंतर भरपेट जेवून मी झोपले होते. बुटांचा काही संबंध नव्हता.

तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे तशीच ठेवा. वेबसाइटच्या बाबतीत क्रम सोपा आहे. आधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी, खिडकीत उघडून बघा. तिथे चाललं तर दोष बहुधा जुन्या कुकीजचा (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणांचा), कॅशेचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला जोडलेल्या जास्तीच्या सोयीचा). मग कंट्रोल-शिफ्ट-आरने पान नव्याने आणा. तेवढ्याने भागलं नाही तर फक्त त्याच साइटच्या कुकीज पुसा, सगळ्या जगाच्या नको, नाहीतर दहा ठिकाणी परत ओटीपी. इनकॉग्निटोतही चाललं नाही तर मोबाइलच्या नेटवरून बघा. तिथे चाललं तर खुसपट ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे. पायाच्या बाबतीत आधी वेग आणि आठवड्याचं अंतर बघा, बूट सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलं तर दुकानदाराचं भलं होतं. (बूट कायमचे नसतात हेही खरं. ५०० ते ८०० किलोमीटरला त्यांचा जीव जातो. पण त्यासाठी ते किती पळालेत याची नोंद हवी.)

दोष कुणाचा हे न बघता बटण दाबत राहणं

पान उघडलं नाही तर पडद्यावर येणारा आकडा वाचायला शिका. चारशेच्या घरातला आकडा आला, ४०१, ४०३, ४०४, तर सर्व्हरचं म्हणणं असं की तुमच्या मागणीत काहीतरी गडबड आहे: लॉगिन नाही, परवानगी नाही, पत्ता चुकलाय. तिथे तुमच्या बाजूने काही करता येतं. पाचशेच्या घरातला आला, ५००, ५०२, ५०३, ५०४, तर बिघाड त्यांच्या बाजूला आहे. तुम्ही कीबोर्ड आपटून तो दुरुस्त होत नाही. चहा पिऊन या.

हे मला पाठ आहे. तरी एका स्पर्धेची नोंदणी उघडली त्या सकाळी पैसे भरायच्या पानावर चाक फिरत राहिलं आणि मी दुसऱ्यांदा 'पे' दाबलं. पैसे दोनदा गेले, बिब (छातीवर लावायचा स्पर्धेचा क्रमांक) एकच आला. परतावा यायला सव्वा महिना आणि नऊ ईमेल लागले. पैसे भरताना पान अडकलं तर आधी बँकेचा मेसेज आणि यूपीआय ॲपमधला इतिहास बघा. पैसे गेले असतील तर बारा आकडी संदर्भ क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या आणि गप्प बसा. गेले नसतील तरच पुन्हा प्रयत्न. आणि जन्मतारीख सबमिट करण्याआधी डोळ्यांनी वाचा. काही फॉर्म महिना आधी घेतात, दिवस नंतर. ५ नोव्हेंबरचा जन्म ११ मे होऊन बसतो, आणि तुमचा वयोगट वर्षाच्या कुठल्या तारखेवर मोजतात त्यावर निकालातला गट बदलू शकतो.

दुखण्यातही असाच फरक करावा लागतो. सुरुवातीला जाणवणारी, पळता पळता अंग तापलं की कमी होणारी, दोन्ही पायांत सारखी असलेली आखड सांभाळून घेता येते. पण नडगीवर किंवा पावलात बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, पळताना ते वाढत असेल, रात्री बसल्या जागीही ठणकत असेल, तर ते पाचशेच्या घरातलं दुखणं समजा. थांबा. अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. हाडाला बारीक चीर असेल तर 'अजून एकच लाँग रन' म्हणत पळणारा माणूस शेवटी कित्येक आठवडे घरी बसतो. आमच्या ग्रुपमध्ये असे दोघं आहेत, दोघंही इंजिनिअर.

हिरव्या खुणेसाठी पळणं

९.८७ किलोमीटर झाले म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुचाकींमधून वाट काढत, वॉचमनसमोर तीन फेऱ्या मारून दहा पूर्ण करणारी बाई तुम्ही पाहिली असेल. ती मी. ऑफिसात तिकिटं (म्हणजे नोंदवलेली कामं) पूर्ण करून हिरवी करायची सवय अशी हाडात मुरते.

घड्याळातलं अंतर हा अंदाज असतो. उंच इमारतींमध्ये, पुलाखाली, दाट झाडीत तो आणखी ढिला पडतो. याउलट प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावून, वळणं आतल्या अंगाने कापत, शक्य तितक्या आखूड वाटेने मोजतात. शिवाय मार्ग तोकडा पडू नये म्हणून हजारी एक मीटर जादा धरतात. ४२.१९५ किलोमीटरला साधारण ४२ मीटर. आपण पळतो गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडे तिरके, वळणाच्या बाहेरून. म्हणून शेवटच्या कमानीआधीच घड्याळ २१.१ दाखवतं, आणि लोक आयोजकांच्या नावाने बोटं मोडतात. हिशेब करून बघा. अडीच तासांत हाफ संपवायची तर किलोमीटरला सात मिनिटं सहा सेकंद लागतात. घड्याळाच्या मते अंतर २१.४ भरलं तर त्याच वेगाने तुम्ही दोन मिनिटं उशिरा पोहोचता. लक्ष्यवेग पाच-सहा सेकंदांनी जलद ठेवा, आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर भरवसा ठेवा.

घड्याळातलं पळणं ॲपवर चढलं नाही, म्हणजे सिंक झालं नाही, म्हणून रात्री बारापर्यंत जागणंही सोडा. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिन या घड्याळ कंपनीची सेवा काही दिवस बंद पडली होती. जगभरचे पळणारे हवालदिल झाले, पण केलेलं पळणं घड्याळातच होतं, सेवा परत आल्यावर ते वर गेलं. ॲप काढून पुन्हा टाकण्याआधी हे आठवा.

उरलेल्या, पण महागात पडणाऱ्या

मीटिंग लांबली म्हणून जेवण चुकवून, दोन कप चहावर संध्याकाळी पळायला जाऊ नका. तासभर आधी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खा. दीड तासाहून जास्त पळणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. खजूर, चिक्की, खायचं एनर्जी जेल, जे पोटाला मानवेल ते, पण ते सरावात आधी खाऊन बघितलेलं असू दे. पाणी तहानेप्रमाणे प्या. घटाघटा नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते गंभीर होऊ शकतं. पावसाळ्यात काखेत, मांड्यांच्या आत आणि कपड्यांच्या शिवणींखाली व्हॅसलीन लावा, नाहीतर अंघोळीच्या वेळी ओरडाल. शर्यतीच्या दिवशी नवं काही नाही: बूट नाहीत, मोजे नाहीत, हॉटेलातली मिसळ नाही. शुक्रवारी संध्याकाळी नवं सॉफ्टवेअर रिलीज करायचं नसतं, तसंच.

सातारला पोटरीने चकार शब्द काढला नाही. यवतेश्वरच्या चढावर मी दोनदा सरळ चालले, त्याची लाजही वाटली नाही. मांड्या मात्र परतीच्या उतारावर पेटल्या आणि सोमवारी मला ऑफिसचा जिना उलटा उतरावा लागला. ऑगस्टमध्ये उतार बंद केले होते ना, ते पुन्हा सुरू करायचे राहूनच गेले होते.

परवाच्या शुक्रवारी पोर्टलने नवं काढलं: गुरुवारी भरलेलं टाइमशीट शुक्रवारी 'अपूर्ण' दाखवलं. पडद्यावर ५०३. मी चहा घेतला, पंचवीस मिनिटांनी पान आपोआप ताळ्यावर आलं, मग बूट घातले. तलावाला वळसा घालताना एकोणतीस साते दोनशे तीनपर्यंत एकही ओळ तुटली नाही. आठव्याला अडकले. ते धाप लागल्यामुळे नव्हे, ते चौथीपासूनच आहे.