मसाला चेक-इनमध्ये, कागद पाठीवर

कोल्हापुरातून युरोपात शिकायला निघालेल्या पोराची निम्मी बॅग घरचे खाण्यानंच भरतात. भरू द्या, पण काय कुठं ठेवायचं ते आधी ठरवा. कांदा-लसूण मसाला चेक-इन बॅगेत, आणि तेल सुटतं म्हणून एका पिशवीवर भागवू नका: पिशवीत पिशवी, मग डबा, झाकणाभोवती चिकटपट्टी. आमच्या आईनं एकाच पिशवीत बांधून दिला होता. तिकडं बॅग उघडली तर पांढरा स्वेटर तांबड्या रश्श्यात बुडवून काढल्यासारखा! लोणचं हातातल्या बॅगेत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत १०० मिलीच्या नियमात अडकतं. पेढे, तूप, सुकं मटण मात्र घरीच खाऊन निघा. भारतातून दुधा-मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. पॉवरबँकचं उलटं, ती हातातल्याच बॅगेत.

आता खरी गोम. तिकीट मुंबई–फ्रँकफर्ट–प्राग असेल, तर शेंगेनचं, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचं, इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. अ‍ॅडमिशनचं पत्र, राहण्याच्या सोयीचा आणि पैशांचा पुरावा तिथंच मागू शकतात. हे कागद चेक-इनमध्ये गेले असतील तर बसा बोंबलत. शिवाय तिथली रांग बघता मधे सव्वा तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास बरे.

मुंबईपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. सकाळी उतरवते; फ्लाइट रात्रीची असेल तर गाडी लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही.